एकशे चाळीस पावलांचं स्वयंपाकघर

माझ्या दादाला कुठल्याही घरी न्या, तो आधी त्या घरच्या बाईच्या पायांकडे बघतो. हसू नका, धंदाच तसा आहे त्याचा. लोकांची जुनी स्वयंपाकघरं काढून तो नवी बसवून देतो. बाकीचे मिस्त्री भिंतींची मापं घेतात, दादा पावलांची घेतो. सकाळी सातला खडू घेऊन जातो, कोपऱ्यात स्टूल टाकून बसतो आणि बाईला सांगतो, “मी इथे नाहीच असं समजा आणि रोजच्यासारखा स्वयंपाक करा.” मग ती जिथे पाऊल टाकेल तिथे हा मागून वाकून खडूची रेघ ओढतो. दुपारी बारापर्यंत फरशी रेघोट्यांनी भरून जाते. जिथे येणंजाणं जास्त, तिथे नुसता पांढरा डाग. मग दादा रेघा मोजतो आणि न्यायाधीशासारखा निकाल देतो, “बाई, तुम्ही एका सकाळीत सातशे पावलं चालता. मी ती दोनशेवर आणून दाखवतो.”

बायका भारावून जातात. त्यांच्या चालण्याची चौकशी आजवर कुणी केलेलीच नसते. काम झाल्यावर महिन्याभराने दादा पुन्हा खडू घेऊन जातो, पुन्हा मोजतो आणि दिलेला शब्द खरा झाल्याचं दाखवून येतो. या दुसऱ्या मोजणीवरच त्याचं नाव झालं.

आणि या नावाजलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघर कसं होतं? वरच्या फळीला एकच बिजागरी. खालचं दार उघडायचं तर आधी गुडघ्याने दाबायचं, मग ओढायचं. सिंक एका टोकाला, गॅस दुसऱ्या टोकाला, मिठाची बरणी तिसरीकडेच. वहिनीने त्याबद्दल पंचवीस वर्षांत एकदाही कुरकुर केली नाही. मी करायचे. माझा स्वभावच तसा आहे, म्हणून घरात मला मिरची म्हणतात. मी दादाची धाकटी बहीण, लग्न केलं नाही, याच घरात राहते आणि एका दातांच्या दवाखान्यात फोन आणि फायली सांभाळते. दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघून घरी आलं की कुणी तोंड मिटून बसलेलं मला सोसत नाही. वहिनीने मात्र माझ्या या रोगावर कधी औषध दिलं नाही.

गप्प होती असं म्हणावं, तर तेही खरं नाही. ती दिवसभर बोलायची, पण बसबद्दल.

आमच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती. चांगली रुंद, दोन झडपांची. खाली रस्ता आणि रस्त्यापलीकडे बस वळायची जागा. गावातून येणाऱ्या बस तिथे संपतात, वळतात आणि पुन्हा निघतात. शेजारी एक पत्र्याची केबिन आहे. तिथे बसणारा माणूस प्रत्येक बस कधी आली, कधी सुटली ते लिहून ठेवतो. वहिनी लग्नाआधी तीन वर्षं तिच्या माहेरच्या गावी अशाच एका केबिनमध्ये बसायची. काळी पँट घातलेले पन्नाशीचे ड्रायव्हर या वीस वर्षांच्या मुलीपुढे उशिराचं कारण सांगत उभे राहायचे. वहिनी हे सांगताना हसायची आणि हसता हसता पदराने डोळे टिपायची. ते डोळे हसण्यानेच भरलेत असं आम्ही धरून चालायचो.

तर ब्रेकचा आवाज आला की ती हातातलं टाकून खिडकीशी जायची आणि मोठ्याने सांगायची, “सव्वाआठची आली. चार मिनिटं उशीर.”

हे ती सांगायची आईला. स्वयंपाकघराला लागूनच आईची खोली. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई सात वर्षं पलंगावर आहे. कूस बदलायलाही माणूस लागतं. तिच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असतो. हाक मारायची ताकद नसते तेव्हा ती चमचा पेल्यावर वाजवते, आणि ताकद असते तेव्हाही वाजवते. दर पंधरा-वीस मिनिटांनी टण, टण. त्यामुळे वहिनी भाजी आणायलाही जायची ती अर्ध्या तासाच्या बोलीवर. तिचा मुलगा शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागला, रविवारी फोन करतो आणि विचारतो, “आई, कुठे बाहेर पडतेस की नाही?” वहिनी म्हणते, “पडते की.”

आतून आई विचारायची, “कोण होता गं ड्रायव्हर?”

“तो मिशीवाला.”

“मग चारच मिनिटं कशी? दहा हवीत.”

आणि दोघी हसायच्या. सात वर्षं एकीने पलंग सोडला नव्हता, दुसरीने घर, आणि बसचं वेळापत्रक मात्र दोघींना तोंडपाठ होतं. नऊ वीसची बस माझी. मी चढताना वर बघायचे. वहिनी खिडकीतून झारा हलवायची, कधी लाटणं, कधी नुसता ओला हात. माझ्या मागे उभी असलेली माणसंसुद्धा सवयीने वर बघायची.

मागच्या वर्षी केबिनमधला माणूस निवृत्त झाला. केबिन रिकामी पडली आणि काचेवर आतून एक कागद लागला : नोंदी ठेवण्यासाठी माणूस हवा, सकाळी आठ ते बारा. अनुभव असल्यास उत्तम. मी तो कागद रोज वाचायचे आणि घरी येऊन काही बोलायचे नाही. पण वहिनीची नजर चांगली आहे. इतक्या लांबून अक्षरं दिसत नव्हती, तरी कागद कशाचा असेल हे तिने ओळखलं आणि भाजी आणायला गेली तेव्हा वाचून आली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. आधी सगळ्यांना वाढलं, मग स्वतः बसली आणि ताटाकडे बघत म्हणाली, “अहो, त्या केबिनमध्ये माणूस हवाय. सकाळचे चारच तास. मी विचारून बघू का?”

दादा घास हातात घेऊन थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. दादाचं असंच असतं, अडचण आली की तो तिसऱ्या माणसाकडे बघतो. आणि मी, मिरची, जिला कुणी तोंड मिटून बसलेलं सोसत नाही, मी म्हणाले, “मग आईचं कोण बघणार?”

प्रश्न वाजवी होता. तो मी कोणत्या आवाजात विचारला हे मला माहीत आहे, आणि वहिनीलाही. सकाळी आईला पुसायचं, कूस बदलायची, औषधं द्यायची, चादर बदलायची. वहिनी नाही म्हणजे मी. दवाखान्यात मी दुपारची पाळी मागू शकले असते, पाळ्या आहेत तिथे. पण मला सकाळ आवडते. सकाळी डॉक्टर खुशीत असतात आणि बारानंतर माझ्या मैत्रिणी डबा खायला जमतात. हे कारण एवढंसं आहे, म्हणूनच सांगून टाकते. मोठं असतं तर लपवलं असतं.

वहिनी म्हणाली, “हो, तेही आहेच,” आणि दादाला भात वाढला. केबिन मात्र रिकामीच राहिली. महिने गेले तरी कागद काचेवर होता. तिच्या मनातून विषय गेला नव्हता. कधीमधी ती म्हणायची, “अजून कुणी मिळालेलं दिसत नाही हो त्यांना.” एवढंच. आम्ही दोघं विषय बदलायचो.

दादा मनाने वाईट नाही. ती गोष्ट त्याला टोचत होती. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा त्याने एका सकाळी जाहीर केलं, “तुला असं स्वयंपाकघर करून देतो की बाहेर जायची गरजच वाटणार नाही.”

त्याने हे अगदी प्रेमाने म्हटलं. वहिनीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “बरं.”

मग दादाने आपल्याच घरात, आपल्याच बायकोमागे खडू घेऊन एक सकाळ काढली. मला तर पोट धरून हसू येत होतं. वहिनी पुढे, हा मागे, कमरेत वाकलेला, चष्मा नाकावर. “अहो, पाय काढा, भांडं पडेल.” “तू मला बघूच नकोस.” “बघू नको कसं, वाटेतच आहात तुम्ही!” आतून आई ओरडत होती, “काय चाललंय गं?” तितक्यात बस आली आणि वहिनी खिडकीशी गेली. तीन पावलं जाताना, तीन येताना. दादाने सहा रेघा ओढल्या. मग पुढची आली. पुन्हा सहा.

बाराला मोजणी झाली. एकूण सहाशे चार. गॅस ते सिंक इतकी, मीठ-साखर इतकी, आईची खोली इतकी. आणि खिडकीसमोर पांढरा डाग पडला होता. तिच्या एकतीस खेपा झाल्या होत्या, म्हणजे एकशे शहाऐंशी पावलं. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दादाने त्या डागावर खडू टेकवला आणि गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारलं, “इथे काय काम असतं?”

वहिनीने डागाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “काही नाही.”

“काहीच नाही?”

“काम असं काही नाही.”

ते खरंच होतं. दादाने वहीत तसंच उतरवलं आणि तिथल्या तिथे चित्र काढलं. स्वयंपाकघर चिंचोळं, मोकळी भिंत तेवढीच. खिडकीच्या जागी छतापर्यंत उंच कपाट. म्हणजे सगळा साठा एका जागी येतो आणि एकशे शहाऐंशी पावलं एका फटक्यात वाचतात.

मी तोंड उघडायला हवं होतं. “दादा, ती तिथे बस बघते,” एवढे पाच शब्द. इतर वेळी पाचशे बोलते. पण त्या खिडकीतून केबिन दिसायची. ती दिसली नाही तर बरंच, विषय आपोआप मिटेल, असं माझ्या मनात आलं. आलं आणि मी ते ढकलूनही दिलं नाही. मी म्हणाले, “उजेडाचं काय?” दादा म्हणाला, “दिव्याच्या पट्ट्या लावू.” आणि मी मान हलवली.

काम वीस दिवस चाललं. वहिनी बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून स्वयंपाक करत होती, सिमेंटची धूळ भातावर पडू नये म्हणून ताट झाकत, आईच्या खोलीच्या दाराला ओली चादर बांधत. बस बघायला उसंतच नव्हती. खिडकीच्या झडपा बंद करून दादाने आतून चार खिळे मारले, त्यावर कपाटाची प्लायची पाठ आली, आणि मग कपाट.

झालेलं स्वयंपाकघर सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? ओटा तिच्या कोपराच्या बरोबर चार बोटं खाली. गॅसखालच्या खणात कढया आणि झाकणं उभी, एकमेकांवर न आदळता. सिंकच्या वर ताटं निथळायची जाळी. मीठ, साखर, चहा, तेल सगळं हाताशी. खण ढकलला की शेवटी स्वतःच हळू मिटतो. आणि ते उंच कपाट, आत सहा फळ्या, प्रत्येक फळी पुढे ओढता येणारी. वहिनी मध्यभागी उभी राहिली. दादा म्हणाला, “हात पसर.” तिने दोन्ही हात पसरले. एका हाताला सिंक, दुसऱ्याला गॅस. “बघ,” दादा म्हणाला, “आता हलायलाच नको.”

वहिनी हात तसेच पसरून उभी होती. तिच्या मागे ते पांढरं कपाट छताला भिडलेलं होतं.

“छान झालंय,” ती म्हणाली. “खूपच छान केलंत.”

त्या दिवसापासून घरातली बस बंद झाली. पहिल्या सकाळी आई आतून म्हणाली, “सव्वाआठची आली का गं?” वहिनी म्हणाली, “आली असेल, आई.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून आईने विचारणं सोडलं आणि चमचा जास्त वाजू लागला. पंधरा मिनिटांच्या जागी दहा, मग पाच. वहिनी गेली की आई म्हणायची, “काही नको. कुठे आहेस ते बघितलं.” मी बसमध्ये चढताना सवयीने वर बघायचे. खिडकीच्या बंद झडपा, त्यांच्या फटीतून दिसणारी प्लाय.

दादा मात्र हवेत होता. नवी गिऱ्हाइकं तो थेट घरीच आणू लागला, नमुना दाखवायला. आठवड्यातून तीन-चार वेळा नवराबायको चपला काढून आत यायचे आणि वहिनी ओट्यापाशी उभी राहून खण उघडून दाखवायची, मिटून दाखवायची. दादा सांगायचा, “आधी सहाशे चार पावलं होती, आता एकशे चाळीस.” लोक वहिनीच्या पायांकडे बघायचे. एकदा एका बाईने विचारलं, “तुम्हाला कंटाळा नाही का येत एका जागी?” वहिनी म्हणाली, “सवय होते.” त्या बाईने तिथल्या तिथे काम पक्कं केलं.

महिना झाला तशी दुसरी मोजणी आली. दादाने मुद्दाम दोन गिऱ्हाइकांना बोलावून ठेवलं होतं. योगायोगाने त्याही दिवशी मी घरीच होते, तापाने. वहिनीने स्वयंपाक केला, दादाने रेघा ओढल्या, आणि नऊच्या सुमारास त्याच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. बाराला एकूण निघाली दोनशे अठ्ठ्याऐंशी. उंच कपाटासमोर, अगदी पूर्वीच्याच ठिकाणी, पांढरा डाग होता.

सदतीस खेपा, कपाट पुढे आल्यामुळे आता दोन पावलं जाताना, दोन येताना. ती जायची, कपाटाचं दार उघडायची, आत तोंड करून उभी राहायची, दार लावायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. मी दाराशी शाल पांघरून बसले होते, मला स्पष्ट कळत होतं. खालून ब्रेकचा आवाज आला की ती जात होती. कपाट उघडलं की आवाज जरा मोठा येतो.

दादाने खडू डागावर टेकवला. “इथे काय काम असतं?”

“काही नाही,” वहिनी म्हणाली.

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. दादाने सारवासारव केली. “वस्तू कुठे आहे ते अजून पाठ झालेलं नाही, दुसरं काय,” असं म्हणाला आणि संध्याकाळी प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली. डाळ, तांदूळ, पीठ. पंचवीस वर्षं डोळे मिटून स्वयंपाक करणाऱ्या बाईला चिठ्ठ्या! मला हसावं की डोकं आपटावं कळेना. शेवटी मी भडकलेच.

“दादा, त्या कपाटामागे खिडकी आहे!”

“मला सांगतेस? मीच बंद केली.”

“ती तिथे बस बघायची. दिवसभर तेवढंच करायची ती. आईही त्याच्यावर जगत होती. तुझ्या डोक्यात शिरत कसं नाही?”

दादा चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात धरून खुर्चीत बसला. त्याचा चेहरा इतका पडला की मला माझ्या जिभेचा राग आला. मग तो म्हणाला, “मी तिला विचारलं होतं. तुझ्यासमोर विचारलं. तू का नाही बोललीस?”

मी ताप वाढल्याचं सांगून शाल ओढली आणि खोलीत गेले.

आता जे सांगायचंय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ही मोजणी शनिवारी झाली. सोमवारी मी बसला गेले तर केबिनच्या काचेवरचा कागद नव्हता. आत एक तरुण माणूस बसला होता, नवी वही, नवं पेन. मी त्याच्यासमोरूनच बसमध्ये चढले. मंगळवारीही तो होता. बुधवारीही होता.

आणि बुधवारी संध्याकाळी मला उदारपणा सुचला. वहिनी भांडी पुसत होती. मी म्हणाले, “वहिनी, तू जाऊन विचार त्या केबिनचं. मी दुपारची पाळी मागून घेते. सकाळी आईचं मी बघेन.”

तिने फडकं खाली ठेवलं. “खरं म्हणतेस, मिरचीबाई?”

“अगदी खरं.”

“तुझ्या मैत्रिणींचं काय? डबा?”

“मरू दे गं डबा.”

तिने मला जवळ घेतलं. तिचे हात ओले होते, माझी पाठ भिजली. स्वतःला मी तेव्हा काय सांगत होते? तो माणूस तात्पुरता असेल. किंवा त्यांना दोघं लागत असतील. असलंच काहीतरी सांगत होते. पण खोलवर मला चांगलं ठाऊक होतं की माझी सकाळ माझ्याकडेच राहणार आहे, आणि वर माझा चांगुलपणाही नोंदला जाणार आहे.

दादालाही चुकीची भरपाई करायची होती. त्याने खिडकी परत मोकळी केली असती, तर कपाट काढावं लागलं असतं, आणि कपाट काढलं तर नमुना मोडला असता. म्हणून त्याने कारागिराच्या डोक्याने मधला मार्ग काढला. बुधवारीच दुपारी कपाटाच्या पाठीला चौथ्या फळीवर वहिनीच्या डोळ्यांच्या उंचीला एक चौकट कापली आणि तिच्यातून खिळे काढून खिडकीची एक झडप उघडली. चौकट हातभर रुंद, वीतभर उंच. कडेला लाकडी पट्टी, डास येऊ नयेत म्हणून बारीक जाळी, आणि चुंबकाने मिटणारं इवलंसं दार. काम इतकं सफाईचं की जन्मापासून कपाटाला ती चौकट होती असं वाटावं. रंग वाळायचा होता, म्हणून त्याने ती सकाळपर्यंत झाकून ठेवली होती.

गुरुवारी सकाळी वहिनी वेगळीच दिसत होती. केस नीट बांधलेले, कपाटातून काढलेली घडीची साडी, हातात घड्याळ. तिचं लग्नाआधीचं घड्याळ, जे तिने कधी चालू केलं ते आम्हाला कळलंही नव्हतं. आईला पुसून, औषध देऊन झालं होतं. नऊला ती विचारायला जाणार होती. आई आतून ओरडत होती, “घाबरू नकोस गं! मिशीवाल्याचं नाव सांग, म्हणावं सगळ्यांना ओळखते!”

दादाने तिला कपाटापुढे उभं केलं, दार उघडलं, चौकटीवर लावलेला कागद काढला. “उघड,” तो म्हणाला, “तुझ्यासाठी.”

तिने ते इवलंसं दार उघडलं. डाळ आणि पिठाच्या बरण्यांच्या मधून उजेड तिच्या तोंडावर आला. ती फळीत डोकं घालून बघू लागली. खाली ब्रेक वाजला.

“आली,” ती म्हणाली. आवाज आनंदाने फुटला होता. “आई, पावणेनऊची आली!”

“किती उशीर?” आई आतून.

वहिनीने जाळीला कपाळ टेकवलं. ती तशीच बघत होती. मग सावकाश म्हणाली, “केबिनमध्ये माणूस आहे.”

दादा म्हणाला, “दिसतं ना पण नीट सगळं?”

“दिसतं. लिहितोय तो.” आणि थोड्या वेळाने, “नीट लिहितो. ड्रायव्हरला उभं करून विचारतोय.”

मग ती वळली. तिने दादाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“कधीपासून बसतो गं हा?” तिने विचारलं. “तू तिथूनच चढतेस ना रोज?”

“काय की,” मी म्हणाले. “लक्ष नाही गेलं.”

“बरं,” वहिनी म्हणाली.

ती आत जाऊन साडी बदलून आली. घड्याळ काढून तिने मिठाच्या शेजारी, हाताशी ठेवलं. आतून चमचा वाजत होता. ती आईच्या दारात जाऊन म्हणाली, “वेळेवर होती, आई. नवा माणूस आलाय, आता सगळ्या वेळेवर येतील.” आणि परत येऊन तिने गॅस पेटवला. तिला वाईट वाटलं होतं, मला दिसत होतं, आणि माझा जीव भांड्यात पडला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच स्वयंपाकघरात झाल्या. मला दुपारची पाळी मागावी लागली नाही. तिनेच माझा डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, “पळ, चुकेल.”

दादाची ती चौकट लोकांना फार आवडली. आता प्रत्येक नव्या स्वयंपाकघरात तशी एक मागतात.

त्या गुरुवारीही मी नऊ वीसलाच स्टॉपवर होते. केबिनमधल्या माणसाने वर बघून मान हलवली, मला तो आता ओळखायला लागला होता. मी मान फिरवली आणि बसच्या पायरीवर पाय ठेवून घराकडे वळून पाहिलं. उघड्या झडपेमागे पांढरी प्लाय आणि तिच्यात एक लहानसा काळा चौकोन. त्याच्यामागे ती उभी होती, हे मला माहीत होतं. तिने हात केला असेल, तर तो मला दिसला नाही.